गिअरची नवी गाडी : थोडे विज्ञान, थोडी निगा



आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर एक काळपट गोल चकती ठेवलेली आहे. आकाराने छोट्या ताटलीएवढी, मधोमध दातेरी भोक, त्याभोवती चार जाड स्प्रिंगा. दरवर्षी नवा वर्ग प्रयोगशाळेत आला की पहिला प्रश्न तिच्याबद्दलच असतो. कोणी तिला पंख्याचा भाग म्हणतो, कोणी पिठाच्या गिरणीचा. मुलांनो, ती माझ्या स्वतःच्या मोटारीची क्लच-प्लेट आहे. निवृत्तीनंतर घेतलेल्या कोऱ्या गाडीची ही प्लेट अवघ्या चौदा हजार किलोमीटरमध्ये जळाली. एकतीस वर्षे घर्षण आणि उष्णता हे धडे शिकवलेल्या माणसाच्या हातून जळाली. खरे म्हणजे पायातून.

संपादक मंडळाने नव्या गाडीची निगा या विषयावर लिहायला सांगितले तेव्हा प्रथम ही चकतीच आठवली. पूर्वी पालकसभेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सायकली आणि स्कूटर लागत, आता मोटारींची रांग मुख्य रस्त्यापर्यंत जाते. त्यांतल्या बऱ्याच गाड्या त्या घरातल्या पहिल्याच आहेत. घरात वडीलधाऱ्यांपैकी कोणी गाडी चालवलेली नसते, म्हणून शिकवायला फक्त ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरवडा आणि शेजाऱ्यांचे सल्ले. त्या सल्ल्यांपैकी निम्मे चुकीचे असतात, हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

गिअर हवेतच कशाला?

इंजिन स्वस्थ उभे असतानाही मिनिटाला साधारण आठशे फेरे घेत असते. त्याहून फार कमी फिरवले तर ते बंद पडते आणि सहा हजारांच्या पुढे नेले तर त्याला इजा होते. चाकांचे तसे नाही. त्यांना शून्यापासून सुरुवात करायची असते. शिवाय उभी गाडी हलवायला जोर जास्त लागतो, धावती गाडी धावती ठेवायला कमी. गिअरची सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांना हे पायानेच कळते. चढावर पाय भराभर फिरतात पण सायकल हळू जाते. सपाटीवर पाय सावकाश आणि सायकल वेगात.

एक उदाहरण सोडवू. छोट्या मोटारीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि पाचव्याचे ०.८ धरा. गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना आणखी एकदा चौपट घट होते असे समजा. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो आणि पाचव्यात ३.२ फेऱ्यांना एक. टायरचा परीघ १.८ मीटर घ्या. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पहिल्या गिअरमध्ये चाक २१४ फेरे घेईल आणि गाडीचा वेग होईल ताशी २३ किलोमीटर. त्याच ३,००० फेऱ्यांवर पाचव्या गिअरमध्ये वेग येतो ताशी १०१ किलोमीटर. इंजिन तेच, त्याचा आवाजही तोच. वेग चौपटीहून जास्त झाला, पण चाकावरचा जोर त्याच प्रमाणात घटला. निसर्ग फुकट काही देत नाही. तरफेच्या धड्यात जे वाचले तेच इथे गोल फिरते आहे.

म्हणूनच गोगटे सर्कलहून निघताना एक-दोन-तीन-चार असे भराभर वरचे गिअर टाकून ताशी तीसच्या वेगाला पाचवा टाकणारे गृहस्थ इंजिनाला चढावर ओझे ओढायला लावत असतात. गाडी थरथरते, आतून ठोकल्यासारखा आवाज येतो. याला पुष्कळ जण "पेट्रोल वाचवणे" म्हणतात. वाचत काही नाही, कारण गाडी ओढत नाही म्हणून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणखी खोल जातो.

मागे जाण्याच्या गिअरची एक गंमत सांगतो. गाडी मागे घेताना जो विशिष्ट "घूंऽऽ" आवाज येतो, तो बिघाड नव्हे. पुढे जाणाऱ्या गिअरांचे दाते तिरके कापलेले असतात, ते एकमेकांत हळूहळू शिरतात म्हणून आवाज कमी. रिव्हर्सचे दाते बहुतेक गाड्यांत सरळ असतात आणि अख्खा दाता एकदम दुसऱ्यावर येतो. शिवाय दिशा उलटवण्यासाठी मध्ये एक जास्तीचे चाक बसवलेले असते. गाडी पूर्ण थांबल्याखेरीज रिव्हर्स टाकू नये. पुढच्या गिअरांत दोन भागांचा वेग आधी जुळवून देणारी सिंक्रोमेश नावाची पितळी कड्यांची सोय असते, ती रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत नसते. ही सोय प्रथम १९२८ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत आली. त्याआधीच्या चालकांना प्रत्येक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. आपण त्या मानाने सुखी.

क्लच

आता माझ्या चकतीकडे येतो.

मैदानात गोल फिरणारे चक्र असते, त्यावर धावत जाऊन बसायचे असेल तर काय करता? आधी दांडी पकडून बरोबरीने धावता, पाय थोडे घसरतात, मग वेग जुळला की उडी मारून बसता. तो घसरण्याचा जो क्षण आहे, त्यात चपलेचा तळ झिजतो. क्लचमध्ये हेच घडते. इंजिनाला जोडलेले जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरत असते. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर क्लच-प्लेट बसवलेली असते. प्रेशर प्लेट नावाचा स्प्रिंगचा भाग त्या प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतो, तेव्हा दोन्ही एकत्र फिरतात. आपण पेडल दाबले की हा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडताना प्लेट आधी घसरते, मग पकडते. त्या घसरण्यातच गाडी धक्का न बसता निघते आणि त्या घसरण्यातच प्लेट झिजते. निघताना एक-दोन सेकंद घसरली तर ते तिचे कामच आहे. नीट चालवणाऱ्याच्या हाती एक प्लेट लाखभर किलोमीटरही टिकते.

माझी का टिकली नाही, ते ऐका. सत्तावीस वर्षे मी चेतक स्कूटर चालवली. तिचा क्लच डाव्या हातात. दोन बोटे कायम त्या दांडीवर ठेवायची सवय. मोटार आली आणि ती सवय हातातून पायात उतरली. गाडी चालू असताना डावा पाय पेडलवर टेकलेला. दाबलेला नव्हे, नुसता टेकलेला. मला वाटे, तयारीत असलेले बरे. परंतु पायाचे ते एवढेसे वजनही प्रेशर प्लेटची पकड सैल करते आणि प्लेट सूक्ष्म घसरत राहते.

दुसरी चूक टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरची. गेट पडले की मी पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभा राहत असे. इथे एक बारकावा लक्षात घ्या. क्लच पूर्ण दाबलेला असताना प्लेट मोकळी असते, ती झिजत नाही. झिजते ते पेडलचा दाब पुढे पोचवणारे रिलीज बेअरिंग. आगगाडी जाईपर्यंत पाच-सात मिनिटे ते बिचारे भाराखाली फिरत राहते. न्यूट्रल करावे, हॅण्डब्रेक ओढावा आणि दोन्ही पाय मोकळे करावेत, इतके सोपे आहे.

तिसरी चूक सर्वांत महागडी. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर वाहने तुंबली की मी गाडी ब्रेकवर न धरता अर्ध्या क्लचवर धरत असे. ना पुढे, ना मागे, हवेत तरंगल्यासारखी. मला त्या कौशल्याचा अभिमानही होता. शेजारी बसलेल्यांना मी ते दाखवत असे! प्रत्यक्षात त्या वेळी इंजिनाचे काम सगळेच्या सगळे प्लेटच्या घर्षणात जाऊन तिची उष्णता होत होती.

एके दिवशी त्याच पुलावर जळक्या दोरीसारखा वास आला. मला वाटले, पुढच्या ट्रकचा असेल. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढे, काटा वर जाई, पण गाडीचा वेग वाढत नसे. घसरणाऱ्या क्लचची ही पक्की खूण आहे. मेस्त्रींनी गाडी शंभर पावले चालवली आणि परत आणून उभी केली. म्हणाले, "सर, तुमचा पाय क्लचवरनं उतरतच नाही बघा." प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून अकरा हजारांच्या घरात बिल झाले. झिजणारे भाग वॉरंटीत बसत नाहीत, हे पुस्तिकेत लिहिलेले होते. मी ती पुस्तिका वाचली नव्हती. विद्यार्थ्यांना "आधी प्रश्नपत्रिका नीट वाचा" असे आयुष्यभर सांगितले.

चढावर निघण्याची खरी रीत अशी. हॅण्डब्रेक ओढलेला ठेवा. पहिला गिअर टाका. थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडीचे नाक थोडे उचलते. प्लेटने पकडले. आता हॅण्डब्रेक सोडा. गाडी इंचभरही मागे जात नाही. ही पकडण्याची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, म्हणून नवी गाडी आली की पहिल्याच रविवारी ती शोधावी. माझ्या मुलीने शिकाऊ परवाना काढल्यावर आम्ही सुटीच्या सकाळी उद्यमबागेतल्या रिकाम्या रस्त्यावर, गाडीला लाल "एल" लावून हेच केले. अ‍ॅक्सिलरेटरला हात (म्हणजे पाय) लावायचा नाही, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची आणि पुन्हा दाबून थांबवायची. वीस वेळा केले. तिची प्लेट शाबूत आहे.

हल्ली क्लच पेडल नसलेल्या स्वस्त गाड्याही मिळतात. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून त्या रुळल्या. त्यांतही क्लच-प्लेट असतेच. ती दाबणारा पाय तेवढा यंत्राचा असतो. तेव्हा चढावर अशी गाडी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरणाऱ्यांनीही माझी चकती येऊन पाहावी.

पहिले हजार किलोमीटर

उद्यमबागेत ज्यांचे वडील, काका फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करतात त्या मुलांना हे लवकर समजेल. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत दिसली तरी होनिंग करताना तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात, तेल धरून ठेवण्यासाठी. पिस्टनवरच्या रिंगा त्या भिंतीशी घासून हळूहळू तिच्या मापाच्या होतात. गिअरचे दाते आणि ब्रेकचे पॅडही असेच एकमेकांशी जुळत जातात. या काळात गाडी फार पळवू नये, जड ओझे ओढू नये, आणि तासन्‌तास एकाच वेगानेही नेऊ नये. वेग कमीजास्त होत राहिला की रिंगा सगळीकडे सारख्या बसतात. नव्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर आणि पावसात जपून. गाडी घरी आली की तिसऱ्या दिवशी सगळे कुटुंब आणि सामान भरून देवदर्शनाला निघण्याचा आपला रिवाज आहे. देव कुठे जात नाही, महिनाभर थांबावे.

पहिली मोफत सर्व्हिसिंग साधारणपणे हजार किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल त्याला असते. पुढचे आकडे गाडीप्रमाणे बदलतात, ते पुस्तिकेत पाहावेत.

चोर्ल्याचा उतार

आता जी गोष्ट सांगणार आहे ती पैशाची नव्हे.

प्लेट बदलल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण गोव्याला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून केरी, साखळी. घाट सुरू झाला तसा मी गिअर काढून न्यूट्रल केले. स्कूटरवरची जुनी हुशारी. उतार आहे, गाडी आपोआप जाते, पेट्रोल कशाला जाळा? वेग वाढला की ब्रेक, वळण आले की ब्रेक. वळणे तर संपतच नव्हती. बऱ्याच वेळाने पुढच्या चाकांकडून उग्र वास येऊ लागला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. त्याच्या पुढच्या वळणावर ते उशीत पाय रुतावा तसे मऊ लागले आणि गाडीचा वेग जेमतेम कमी झाला. समोरून मालाचा ट्रक चढत होता.

पेडल भराभर दोन-चारदा दाबले, थोडा दाब परत आला. तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडले, गाडीला आतून कोणीतरी धरल्यासारखे झाले. हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. मागच्या सीटवर माझी दोन नातवंडे झोपलेली होती. ती उठलीसुद्धा नाहीत. आम्ही पाऊण तास तिथेच उभे होतो. मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "पेट्रोल किती वाचलं?"

त्याचे उत्तर मी घरी आल्यावर काढले. गाडी आणि पाच माणसे मिळून १,२०० किलो वस्तुमान धरा आणि ५०० मीटर उंचीवरून उतरायचे असे समजा. स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे १,२०० × ९.८ × ५००. उत्तर येते ५८ लाख ८० हजार ज्यूल. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचे सुमारे १९ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध वगैरे थोडा वाटा उचलतो. बाकीची सगळी उष्णता मी चार चाकांच्या ब्रेकमध्ये कोंबत होतो.

ब्रेक मऊ का पडला? पेडलचा दाब चाकापर्यंत पोचवते ते ब्रेक फ्लुइड नावाचे द्रव. द्रव दाबले जात नाही, म्हणूनच ते वापरतात (पास्कलचा नियम आठवा). परंतु हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते. ताजे डॉट-४ फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पाणी पिण्याला कमतरता नाही. फ्लुइड उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पाय दाबतो तो बुडबुड्यांना, ब्रेकला नव्हे. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिका सांगेल तेव्हा, ब्रेक फ्लुइड बदलून घ्यावे. गाडी नवीन दिसते म्हणून ते टाळू नये.

गाडी गिअरमध्ये असली तर काय होते? अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २ धरले, तर ताशी ४० च्या वेगाला इंजिन जवळजवळ ३,००० फेरे घेते. पाचव्या गिअरमध्ये तोच आकडा १,२०० च्याही खाली. इंजिनाला फिरवण्यात जी ताकद खर्च होते ती गाडीला मागे खेचते, आणि ब्रेक थंड राहतात. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मी तो अनेकदा ऐकला होता. मात्र खालचा गिअर उतार लागण्याआधीच, वेग कमी असताना टाकावा. ताशी सत्तरच्या वेगाला एकदम पहिला कोंबला तर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातात.

राहिला पेट्रोलचा हिशेब. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि फेरे पुरेसे असले तर इंधन जवळपास बंदच होते, कारण इंजिनाला चाके फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन द्यावेच लागते, छोट्या गाडीत तासाला अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे पाव तासाच्या उतारात मी दीडशे मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल वाचवले नाही, उलट जाळले. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. ते फारच वाईट. ब्रेकला हलके करणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पेडल दाबले की ती मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये, डिस्क वाकडी होते. आणि घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचे. तो नियम आहे, उपकार नव्हे.

पावसाळा आणि रोजची निगा

टायरची हवा आठवड्याला तपासावी, गाडी फार न चालवता, टायर थंड असताना. पंपावरचा मुलगा "किती?" विचारतो तेव्हा आकडा त्याला विचारू नये, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर तो चिकटवलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. स्टेपनी विसरू नये. इंजिन ऑईल सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावे. कूलंटचे झाकण तापल्या इंजिनावर कधीही उघडू नये. गिअरबॉक्सचे तेल मात्र सगळेच विसरतात, कारण ते पाहायची काडी बहुधा नसतेच. त्याची मुदत पुस्तिकेत असते, सर्व्हिसिंगच्या वेळी आठवण करून द्यावी. चालवताना डावा हात गिअरच्या दांड्यावर टेकून ठेवू नये. त्या वजनाने आतला फोर्क फिरत्या भागावर दाबला जातो आणि विनाकारण झिजतो. माझी ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

जुलै-ऑगस्टच्या झडीत गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रममध्ये ओल राहून ब्रेक गंजाने चिकटतात. सपाट जागी पहिला गिअर टाकून, चाकाला दगड लावून ठेवावी. गिअरच्या गाडीची ही मोठी सोय आहे. फक्त पुन्हा सुरू करताना क्लच दाबून न्यूट्रल करायचे लक्षात ठेवा. गोव्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी. आणि उंदीर! बॉनेटखाली ऊब असते, वायरी कुरतडतात. गाडी दोन-चार दिवसांनी हलवणे हाच बरा उपाय.

पाण्यातून जाताना पहिल्या गिअरमध्ये सावकाश, न थांबता जावे. खोली माहीत नसेल तर जाऊच नये. २०१९ च्या ऑगस्टमधील पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असले तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ब्रेकमध्ये वाफ दाबली गेली म्हणून संकट, इंजिनात पाणी दाबले जात नाही म्हणून संकट. परीक्षेत हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी

मोटारीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. "गल्लीतच तर चालवतोय" हे कारण चालत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात एक गाडी कोण चालवत होते ते मी पाहिले आहे. नाव लिहीत नाही.

तोपर्यंत शेजारच्या सीटवर बसून करण्यासारखा एक प्रयोग देतो. गाडी घरच्या परवानाधारक मोठ्या माणसाने चालवायची, नोंद तुम्ही करायची. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी ४० च्या स्थिर वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये असताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा वाचा. मग त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये वाचा. दोन आकड्यांचे गुणोत्तर काढा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत गिअरांची गुणोत्तरे दिलेली असली तर त्यांच्याशी ताडून पाहा. फरक आला तर का आला असावा, तेही लिहा.

दुसरे काम प्रयोगशाळेत. माझ्या चकतीवरच्या अस्तरात रिव्हेट ठोकलेले आहेत. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरभर खोल असते. गेल्या वर्षीच्या नववीने व्हर्निअरच्या खोली मोजणाऱ्या काडीने सोळा ठिकाणी ही खोली मोजली. अकरा ठिकाणी शून्य आले, बाकी ठिकाणी ०.१ ते ०.३ मिलिमीटर. चकतीच्या एका बाजूला झीज जास्त का, यावर वर्गात बराच वाद झाला आणि तो मिटला नाही. यंदाच्या नववीने पुन्हा मोजावे. तक्ता फळीखालच्या खणात आहे, व्हर्निअर प्रयोगशाळा सहायकांकडून सही करून घ्यावा.